घरात हातानं काढलेली चित्रं लावायची आहेत, खेड्यात राहून सुरुवात कुठून करावी?

पूर्णाकाठ, दर्यापूर

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यातला आहे, शेती आणि सोबत एक लहानसं कृषी केंद्र. घर बांधून झालं, रंग झाला, अन् आता बैठकीतली मोठी भिंत मोकळी आहे. घरचे म्हणतात अमरावतीहून ते सात घोड्यांचं पाच तुकड्यांचं पॅनल आणा, सगळ्यांकडे तेच आहे, वास्तूलेही चालते. मले ते नाही लावायचं. कोणीतरी माणसानं बसून हातानं काढलेलं पाहिजे, मोठं नसलं तरी चालन. शाळेत एलिमेंटरी अन् इंटरमीजिएट दोन्ही दिल्या होत्या, आमचे ड्रॉइंगचे मास्तर पोळ्याच्या आधी फळ्यावर रंगीत खडूनं बैलजोडी काढायचे, ती कोणी पुसू नये म्हणून आम्ही पोट्टे भांडायचो, तेव्हापासूनची ओढ आहे.

पण इथं आजूबाजूला गॅलरी नाही, फक्त चित्रं पाहायले मुंबई-पुण्याले जाणं होत नाही, अन् नेटवर पाहिलं तं पाचशे रुपयांपासून पाच लाखांपर्यंत सगळ्यावर ‘ओरिजिनल’च लिहिलेलं आहे. प्रिंटवर खाली पेन्सिलनं १२/५० असं असते ते काय, अन् छापलेलंच असन तं मंग त्याचे एवढे पैसे काहून? सध्या पंधरा-वीस हजार बाजूला काढले आहेत, कापूस विकल्यावर अजून थोडे निघतील. एकच मोठं घेऊ की लहान लहान दोन-तीन? ज्यांनी असं काही जमवलं आहे त्यांनी सांगा.

ड्रॉइंगचे_सर, आर्वी

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, पण ‘सर, चित्र विकत घ्यायचं आहे’ म्हणून कोणी आलं तर ते शहरातूनच आलं, आपल्या भागातला शेतकरी विचारतो आहे ही मोठी गोष्ट आहे.

पहिलं म्हणजे घाई करू नका, आधी भरपूर पाहा. डोळा पाहण्यानंच तयार होतो, वाचून नाही. नागपूरला काही ना काही कामानं जाणं होतंच तुमचं, तेव्हा दोन तास काढा. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची आर्ट गॅलरी आहे, तिथे विदर्भातल्या चित्रकारांची प्रदर्शनं लागतात. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन तर अजिबात चुकवू नका. मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचा आहे, लोक तिथे पेंढा भरलेले प्राणी पाहायला जातात अन् चित्रांच्या दालनातून चालत पुढे निघून जातात. तुम्ही थांबा.

पाहायचं काय ते सांगतो. जलरंगाचं चित्र असेल तर अगदी जवळ जा आणि पांढरं कुठे आहे ते शोधा. चांगला जलरंगवाला पांढरा रंग क्वचितच वापरतो, तो कागदच कोरा सोडतो. बैलाच्या पाठीवरचं ऊन, पाण्यावरची चमक, धोतराचा पदर, हे सगळं कोऱ्या कागदाचं असतं, आणि ते आधीच ठरवून सोडावं लागतं कारण एकदा रंग गेला की तो पांढरा परत येत नाही. रंग वाळताना त्याच्या कडेला गडद रेघ धरतो, कुठे कुठे खालची पेन्सिल दिसते, कागदाचा दाणा दिसतो. हे एकदा डोळ्यात बसलं की छापील आणि हाताचं यातला फरक तुम्हाला सांगावा लागणार नाही.

आणि एक सांगू का, तुमच्या तालुक्यातल्या हायस्कुलात, जिल्हा परिषदेच्या शाळेत जे ड्रॉइंगचे शिक्षक आहेत त्यांच्या घरी जा. त्यातले कित्येक जण सुटीच्या दिवशी सायकलवर बोर्ड बांधून निसर्गचित्रं करायला जातात. चाळीस-चाळीस वर्षांचं काम पलंगाखाली ट्रंकेत पडलेलं असतं. विकायचं असतं असंही त्यांना वाटत नाही, कारण कोणी विचारलेलंच नसतं.

सातपुडा, अकोट

सरांबद्दल आदर आहे पण थोडं प्रॅक्टिकल बोलतो. पैसे लावायचेच आहेत तर पुढे वाढतील असं घ्या ना. वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मले, त्यांचं एक चित्र २०२१ मध्ये लिलावात ३९.९८ कोटीला गेलं. रझा साहेब नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, त्यांचीही चित्रं कोटींतच जातात. सुरुवातीला ज्यांनी यांची चित्रं घेतली असतील त्यांचा विचार करा. नाव होऊ घातलेला तरुण चित्रकार पकडा, एकच घ्या, मोठं घ्या.

शाईरोलर, पवनी

सातपुडा भाऊ, गायतोंडेंच्या वेळी नागपुरात-मुंबईत अजून कितीतरी जण चित्रं काढत होते, त्यांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत, म्हणून काही ती चित्रं वाईट नव्हती. पंधरा हजारात पुढचा गायतोंडे शोधायचा म्हणजे आपल्याला आवडलेलं सोडून दुसऱ्याला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसायचं, आणि शिवाय विकायला गेलं तर नवख्या चित्रकाराचं चित्र परत घेणारा गिऱ्हाईक सहसा मिळत नाही. भिंत रोज पाहायची आहे ना? मग जे रोज पाहवेल ते घ्या.

आता प्रिंटचं सांगते कारण तो माझाच धंदा आहे, मी प्रिंटमेकिंग शिकले आणि आता गावातच काम करते.

वर्ध्याकडच्या लोकांनी काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचं ते काळं-पांढरं चित्र हजारदा पाहिलं असेल, काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा. नंदलाल बोस यांनी ते १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्तानं केलं आणि ते लिनोकट आहे. म्हणजे कॅनव्हासवर आधी एक चित्र काढलं आणि मग ते छापलं असं झालेलं नाही. लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या मऊ जाड पट्टीचा, तुकडा कोरणीनं कोरला, जिथं कोरलं तिथं शाई लागत नाही म्हणून ते पांढरं राहिलं, जे उरलं त्यावर रोलरनं शाई फिरवून कागद दाबला. कागदावर उमटतं तेव्हाच ते चित्र तयार होतं, त्याच्या आधीचं ‘असली’ असं वेगळं काही नसतंच. लाकडावर कोरलं तर वुडकट. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर रेघा ओढून ॲसिडनं खोल केल्या, त्यात शाई भरली आणि ओलसर कागद प्रेसखालून काढला तर एचिंग. दगडावरून घेतलं तर लिथो. कापडी जाळीतून रंग ओढला तर सेरिग्राफ.

१२/५० म्हणजे या ठशाच्या पन्नासच प्रती काढल्या आणि ही त्यातली बारावी. ठरलेल्या प्रती झाल्या की पत्र्यावर नाहीतर ब्लॉकवर आडवी रेघ ओरबाडून तो रद्द करतात, पुन्हा छापता येऊ नये म्हणून. ‘ए.पी.’ लिहिलं असेल तर ती कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. १/५० ही ४०/५० पेक्षा भारी असते असं काही नाही हो, विकणारे तसं सांगतात. नंबर डावीकडे, नाव असेल तर मधे, सही उजवीकडे, आणि हे सगळं पेन्सिलनं, कारण पेन्सिल कागदात दबते, तिरप्या उजेडात धरलं की चमकते, छापील सही तशी चमकत नाही.

पैसे काहून म्हणाल तर एका सहा इंचाच्या ब्लॉकला मला कधी कधी पूर्ण महिना जातो, आणि प्रत्येक प्रत हातानंच घासावी लागते. माझ्याकडे मोठी प्रेस नाही, लाकडी डावाच्या पाठीनं घासून काढते. तरी पन्नासात वाटणी होते म्हणून तेच काम पेंटिंगच्या मानानं कितीतरी स्वस्तात मिळतं. नव्या माणसानं प्रिंटपासून सुरू करावं असं माझं स्पष्ट मत आहे. बडोद्याला ‘छाप’ नावाचा प्रिंटमेकिंगचा स्टुडिओ आहे, तिकडच्या आणि नागपूरच्या मुलांचं काम पाहा.

पूर्णाकाठ, दर्यापूर

ताई, हे एवढं उघडून कोणीच सांगितलं नव्हतं. गांधीजींचं ते चित्र सेवाग्रामच्या सहलीपासून माहीत आहे, ते कोरलेलं आहे हे आज कळलं! मंग त्या वेबसाइटवर ‘लिमिटेड एडिशन जिक्ले’ लिहिलेलं असते ते पण हेच काय?

शाईरोलर, पवनी

नाही. जिक्ले म्हणजे पेंटिंगचा चांगला फोटो काढून भारी इंकजेट प्रिंटरवर चांगल्या कागदावर काढलेली प्रत. वाईट नाही, रंग टिकतात, पण ती प्रतिकृती आहे आणि तिची किंमत प्रतिकृतीची असावी. माझ्या मावसभावानं एका पोर्टलवरून ‘हातानं सही केलेलं मर्यादित प्रिंट’ मागवलं, उघडून पाहिलं तर सहीसुद्धा चित्रासोबतच छापलेली. त्यानं परत पाठवून पैसे घेतले पण दीड महिना पत्रव्यवहार चालला.

घरी तपासायचं असेल तर दहा-पंधरा रुपयांचं भिंग नाही चालणार, घड्याळजीकडे असतं तसं भिंग घ्या. ऑफसेटच्या छपाईत रंगीत ठिपके एकसारख्या गोल रांगोळीत बसलेले दिसतात. इंकजेटमध्ये बारीक फवारा दिसतो. हाताच्या लिनोत नाहीतर वुडकटमध्ये शाईचा थर दिसतो, रेघेच्या कडेला शाई जराशी जाड जमलेली, आणि कागद उलटा करून बोट फिरवलं तर दाब लागतो. एचिंगला चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन उमटलेला असतो.

संत्रा_पट्टा, वरूड

मधेच विचारते, चालेल ना? सासरच्या जुन्या घरात देवघराबाहेर लक्ष्मीचं एक चित्र आहे, साडीला खऱ्या टिकल्या आणि जर चिकटवलेली आहे, खाली रवी वर्मा प्रेस असं बारीक इंग्रजीत छापलंय. घर पाडायचं चाललंय आणि दीर म्हणतात भंगारवाला शंभर देतो. हे राजा रविवर्म्यांचं मूळ चित्र असू शकतं का?

ड्रॉइंगचे_सर, आर्वी

ताई, भंगारवाल्याला मुळीच देऊ नका. मूळ तैलचित्र नाही ते, पण साधं कॅलेंडरही नाही. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत स्वतःचा लिथो छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला, त्यानंतरही कित्येक वर्षं चित्रं छापली जात होती. त्याला ओलिओग्राफ म्हणतात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक असे कितीतरी रंग चढवून वरून वॉर्निश. त्यावरची सहीही छापलेलीच असते. वऱ्हाडातल्या, नागपूरकडच्या जुन्या वाड्यांमध्ये अशी चित्रं पुष्कळ होती कारण देवाचं रंगीत चित्र सामान्य माणसाच्या घराघरात पोचलं ते बरंचसं यांच्यामुळे. जर आणि टिकल्या लावायचं काम मग घरच्या बायका किंवा दुकानदार करायचे.

हल्ली याची नवी ऑफसेट प्रत जुनाट दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून विकतात, त्यामुळे भिंगानं पाहा. जुन्या लिथोत ठिपके असतात पण वेडेवाकडे, हातानं टिपलेले, एका ओळीत नसतात. ओल्या फडक्यानं पुसू नका, काच काढू नका, आडवं ठेवून चादरीत गुंडाळून नव्या घरात न्या. विकायचं की ठेवायचं ते नंतर ठरवा, माझं विचाराल तर ठेवा.

संत्रा_पट्टा, वरूड

सर, दिरांना वाचून दाखवलं. चित्र आता माझ्या खोलीत आहे.

झाडीपट्टी, वडसा

आमच्याकडे कोणी आलंच नाही अजून म्हणून लिहितो. राजेहो, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे कधी जवळून पाह्यले का? दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की रात्रभर नाटकं असतात, वडसा हे त्याचं ठाणं. मागे जो राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ दिसते तो अख्खा पडदा हातानं रंगवलेला असते. कापड जमिनीवर अंथरून लांब दांड्याच्या ब्रशनं उभ्यानं रंगवतात, जवळून पाह्यलं तं नुसते पट्टे दिसतात अन् वीस फुटांवरून त्याच पट्ट्यांचं देऊळ होते. आता डिजिटल बॅनर आलं, पडदे रंगवणारे हात कमी होऊन रायले. त्यांच्यापैकी कोणाले सांगा की भाऊ मले दोन बाय तीनचं जंगल काढून द्या, तुमच्या पडद्यावर असते तसंच. आनंदानं करतील. याले कोणी कला म्हणो न म्हणो, मी म्हणतो.

मेळघाटातून, धारणी

झाडीपट्टीभाऊंना शंभर टक्के पाठिंबा.

गोंड चित्रांबद्दल थोडं, कारण अमरावती-नागपूरच्या दुकानांत आणि मेळाव्यांत तीच सगळ्यात जास्त दिसतात आणि पर्यटक मला नेहमी विचारतात की मेळघाटात गोंड पेंटिंग कुठे मिळेल. मेळघाटात प्रामुख्यानं कोरकू लोक आहेत. ती चित्रशैली आली मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढच्या परधान गोंडांकडून. जनगढसिंह श्याम नावाच्या तरुणाला चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या माणसांनी तिथून शोधून काढलं, भोपाळचं भारत भवन १९८२ साली उभं राहिलं तेव्हाची गोष्ट, आणि मग त्यांच्या घरातले, नात्यातले कितीतरी लोक काढायला लागले. भज्जू श्याम आणि दुर्गाबाई व्याम यांना पद्मश्री मिळाली आहे.

यात पाहायचं ते भरणीचं काम. हरणाचं अंग, झाडाची पानं कशानं भरली आहेत? ठिपके, तुटक रेघा, मासोळीच्या खवल्यासारख्या कमानी, बियांचे आकार, प्रत्येक चित्रकाराची भरण वेगळी आणि तीच त्याची ओळख. हाताचं असेल तर ठिपक्याला किंचित उंची लागते आणि दोन ठिपके कधीच अगदी सारखे नसतात. कागदावरची लहान चित्रं खिशाला परवडतात. मागे चित्रकाराचं नाव, गाव आणि त्या चित्रामागची गोष्ट लिहून घ्या, गोष्ट असतेच.

आणि एक कळकळीची विनंती. कोणी म्हणेल कोरकूंचे जुने कोरीव स्मृतिस्तंभ मिळतात, बैठकीत छान दिसतील. ते त्यांच्या गेलेल्या माणसांचे आहेत. कितीही सुंदर असले तरी घेऊ नका, आणि विकणाऱ्याला तसं तोंडावर सांगा.

काळा_कोट, वाशीम

वरच्या मुद्द्याला जोडून. शेतात, विहीर खोदताना सापडलेल्या मूर्ती, देवळातले जुने कोरीव दगड याच्याही नादी लागू नका. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-शिल्पांना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो, नोंदणी लागते, धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही.

पूर्णाकाठ, दर्यापूर

वकीलसाहेब तुम्ही आलेच आहात तं एक विचारतो. समजा मी चित्र विकत घेतलं, तं पुढच्या वर्षी कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर ते छापू शकतो का? चित्रकाराचं नाव टाकीनच.

काळा_कोट, वाशीम

चित्र तुमचं झालं म्हणजे छापायचा हक्क तुमचा झाला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो हक्क चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. नाव टाकून भागत नाही, लेखी परवानगी घ्या, आणि कॅलेंडरसाठी वेगळे पैसे द्या, ते रास्तच आहे. मात्र तुम्ही स्वतः पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल आणि वेगळा करार नसेल तर कायदा पहिला हक्क तुम्हाला देतो. झाडीपट्टीभाऊ म्हणतात तसं काढून घेणार असाल तर हे आधीच दोघांनी बोलून कागदावर घ्या, कलाकाराला नंतर कळून वाईट वाटायला नको.

पावतीचंही सांगून ठेवतो कारण आपल्याकडे ‘राहू द्या हो, विश्वास आहे’ म्हणून कोणी घेतच नाही. साध्या कागदावर चालेल: चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, माप, माध्यम, प्रिंट असेल तर नंबर आणि एकूण प्रती, किंमत, तारीख, सही. सोबत चित्रकार चित्र हातात धरून उभा आहे असा एक फोटो. गॅलरीतून घेतलं तर जीएसटी लागेल, सप्टेंबर २०२५ पासून तो १२ चा ५ टक्के झाला आहे. जीएसटी नोंदणी नसलेला चित्रकार तो लावू शकत नाही. पुढे कधी विकलंच तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, चित्रं घरगुती सामानात धरत नाहीत, म्हणून खरेदीची पावती जपा.

सातपुडा, अकोट

बरं, किंमत कमी करायला सांगायची की नाही? आपल्याकडे बैलाच्या बाजारापासून सगळीकडे घासाघीस चालते.

शाईरोलर, पवनी

भाऊ, नका करू. परवडत नसेल तर सरळ सांगा की माझ्याकडे एवढे आहेत, यात काय बसेल, नाहीतर दोन-तीन हप्त्यांत देऊ का. आम्हाला ते आवडतं, त्यात कमीपणा नाही. मी दोघा शिक्षकांना हप्त्यानं दिलं आहे, दर महिन्याला न चुकता पैसे आले. पण ‘कागदच तर आहे, अर्ध्यात द्या’ असं कोणी म्हटलं की हातातलं काम खाली ठेवावंसं वाटतं.

ड्रॉइंगचे_सर, आर्वी

यात थोडा वेगळा सूर लावतो. गावाकडच्या चित्रकाराला स्वतःलाच किंमत सांगता येत नाही, तो पाचशे म्हणेल. तेव्हा घेणाऱ्यानं पाचशे देऊन निघून यायचं नाही. कागद, रंग आणि दिवस धरून जे योग्य वाटेल ते द्या, तो नको म्हणेल तरी द्या.

फ्रेमवाला, यवतमाळ

वाचत होतो, आता राहवत नाही. चांगली चांगली चित्रं आमच्याच धंद्यात खराब होतात म्हणून लिहितो. तालुक्याच्या गावात फ्रेम करायला दिलं की पहिलं काम काय होते तं कागदाले मागून फेविकॉल फासून हार्डबोर्डवर चिकटवतात, सपाट बसते म्हणून. मंग फ्रेमचा साइज जमत नाही म्हणून कडा कापतात, अन् प्रिंटचा नंबर अन् सही त्या कापलेल्या पट्टीत जाते. दुकानात उभं राहून सांगा: चिकटवायचं नाही, कापायचं नाही, सेलोटेप लावायची नाही. चार कोपऱ्यांत कागदी खिसे करून त्यात चित्र अडकवायचं, गोंद चित्राले लागतच नाही. वरून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, शोभेसाठी नाही, काच कागदाले टेकू नये म्हणून. पावसाळ्यात काचेच्या आत दमट धरते अन् कागद टेकलेला असन तं रंग काचेले चिकटतो. माउंट ॲसिड-फ्री मागा, साध्या माउंटची कापलेली कड काही वर्षांत तांबूस होते अन् तो डाग चित्रावर उतरतो. दर्यापुरात नसन तं अमरावतीले मिळन.

कॅनव्हास असन तं काच नको. मागं लाकडी चौकट अन् कोपऱ्यात लहान पाचरी असाव्यात, आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात अन् मंग पावसाळ्यात कॅनव्हास ढिला-ताठ होत राहते, पाचर हलक्या हातानं ठोकली की पुन्हा ताठ. पार्सलनं गुंडाळून येत असन तं रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळायले सांगा, आत ठेवली तं रंगाले सुरकुत्या पडतात.

अन् सगळ्यात मोठा शत्रू आपला कूलर! खिडकीत कूलर अन् समोरच्या भिंतीवर चित्र, हे मी दर उन्हाळ्यात पाहतो. तीन महिने ओली हवा थेट चित्रावर, कागदाले लहरी येतात, मंग बुरशीचे तांबडे ठिपके. कूलरच्या झोतात चित्र लावूच नका. पूर्णाकाठ भाऊ, तुमचं घर नवीन आहे, प्लास्टर आतून वाळायले वेळ लागतो, एक पावसाळा पाहा, कुठं ओल धरते ते कळन, मंग खिळा ठोका. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या गोळ्या लावा म्हणजे भिंतीत अन् फ्रेममध्ये हवा खेळते, वाळवी अन् कसर दोन्हीले दबा धरून बसायले जागा नाही. थेट ऊन नको, जलरंग तं मुळीच नाही सहन करत.

पूर्णाकाठ, दर्यापूर

बैठकीत कूलर नेमका त्याच मोठ्या भिंतीच्या समोर आहे. मंग ती भिंत सोडतो, आतल्या दाराकडची घेतो, तिथं सकाळचं ऊनही येत नाही. मोठी भिंत भरायची हा हट्टच सोडला म्हणा ना, त्यामुळे एका मोठ्या ऐवजी लहान तीन असं ठरवलं आहे. शाईरोलर ताई, तुमचा एक लिनो पाहिजे, तुम्ही सांगाल ती किंमत, फक्त शेतीतलं काही असन तं बरं. दुसरं झाडीपट्टी भाऊ म्हणतात तसं पडद्यावरचं जंगल, पण ते मंडईच्या दिवसांत स्वतः वडशाले येऊन, नाटक पाहूनच सांगतो. तिसरं सरांच्या ओळखीतल्या कोणाचं तरी जलरंगातलं, तुम्ही ट्रंकेतलं म्हणाले ते डोक्यातून जातच नाही.

घरी आईले सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणे सात घोडे नाही तं निदान एक बैल तं असू दे कुठंतरी.

शाईरोलर, पवनी

धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांचा एक ब्लॉक आहे, आठ बाय दहा इंच, तीस प्रतींचा. फोटो पाठवते, पण फोटोवरून ठरवू नका. नागपूरला येणार असाल तर मी तिथे घेऊन येते, हातात धरून पाहा, नाही आवडलं तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

ड्रॉइंगचे_सर, आर्वी

रविवारी या, दुपारी चारनंतर, उजेड चांगला असतो. तळेगावजवळ माझे एक जुने सहकारी राहतात, त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ. ते बैलच जास्त काढतात. येताना चित्र न्यायला दोन पुठ्ठे आणि मधे घालायला कोरा पांढरा कागद आणा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

फ्रेमवाला, यवतमाळ

माप घेताना चित्राचं नका घेऊ, अख्ख्या कागदाचं घ्या, कडांसकट. अन् आधी तिन्ही चित्रं येऊ द्या, मंग एकाच लाकडाच्या पट्टीत करू, सागाची साधी पट्टी, सोनेरी नको.